मोज्यांवर शंकरपाळी विणताना

आमच्या घरी विणकामाची सुरुवात बाळंतविड्यापासून होते. मी आठवीत असताना मावशीच्या बाळासाठी टोपडं आईनं घेतलं, स्वेटर आजीनं, आणि मोजे माझ्या वाट्याला आले. इवलेसे, दोन सुयांवर विणून मागून शिवलेले, घोट्यापाशी रिबीन ओवायला भोकांची एक ओळ. ती भोकांची ओळ ही मी मोज्यावर काढलेली पहिली नक्षी. बाळाच्या मोज्यावर काहीही शोभतं, कारण बाळ चालत नाही, बूट घालत नाही आणि मोजा ताणलाही जात नाही.

मोठ्या माणसाचा मोजा वेगळा. तो पायात गेला की आडवा ताणला जातो, आणि त्याबरोबर नक्षीही ताणली जाते. मांडीवर ठेवून विणताना जी दिसते ती नक्षी खरी नव्हे. पायात गेल्यावर दिसते ती खरी. हे मला बाबांच्या मोज्यांनी शिकवलं. मी त्यांच्यासाठी चहूबाजूंनी वेण्या घातलेले राखाडी मोजे विणले होते. हातात धरले की फार देखणे दिसायचे, पण टाचेवरून वर चढेनात. वेणीची वीण ताणलीच जात नव्हती. महिनाभराचं काम उसवलं आणि तेव्हापासून कुठलीही नक्षी आधी पायावर कशी वागेल ते बघते.

तुम्हाला सुलट-उलट टाके येत असतील, एखादा मफलर किंवा स्वेटर हातून झाला असेल, तर हा लेख समोर ठेवून नक्षीचा पहिला जोड विणता येईल. एकाच रंगाचा मोजा, त्यावर सुलट-उलट टाक्यांची शंकरपाळी. वेणी, जाळी आणि रंगीत नक्षीबद्दल शेवटी थोडं सांगते, पण पहिला जोड शंकरपाळ्यांचाच करा.

सुलट-उलटच का? कारण या नक्षीला वेगळं साहित्य लागत नाही आणि तिच्यामुळे मोज्याचं ताणणं कमी होत नाही. शिवाय ती जुनी आणि कसाला उतरलेली आहे. इटलीत फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा दी टोलेडो १५६२ मध्ये वारली. तिला पुरताना तिच्या पायात लाल रेशमी विणलेले मोजे होते. ते आजही जपलेले आहेत, आणि त्यांच्यावरची जाळीदार चौकटींची नक्षी मुख्यतः सुलट-उलट टाक्यांच्या खेळातूनच उभी राहिलेली आहे.

लोकर आणि सुया

मोज्याला बारीक, घट्ट पिळाची लोकर लागते. पीळ घट्ट असेल तर उलट टाक्याचा दाणा ठसठशीत उठतो. सैल, केसाळ लोकरीत तो बुडून जातो. मोज्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या लोकरीत साधारण ७५ टक्के मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, आणि २५ टक्के नायलॉन असतं, आणि १०० ग्रॅमच्या गुंड्यात ४०० मीटरच्या आसपास धागा येतो. बायकांच्या मापाचा एक जोड त्यात आरामात होतो. नायलॉन टाचेला झिजू देत नाही. अशी लोकर मिळाली नाही तर दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळणारी बारीक ॲक्रिलिक घ्या. शिकायला ती उत्तम, धुवायलाही सोपी. सुती धाग्याचा मोह आपल्या हवेत साहजिक आहे, पण सूत ताणलं की तसंच राहतं, परत आखडत नाही. दुपारपर्यंत मोजा घोट्यावर गोळा होतो. पहिल्या जोडाला सूत नको.

रंग फिका आणि एकसारखा घ्या: साय, फिका पोपटी, आकाशी, गुलाबी. रंगीबेरंगी छटांच्या लोकरीवर टाक्यांची नक्षी दिसतच नाही. डोळा रंगाकडे जातो. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीवर रात्री दिव्याखाली टाके मोजायचे म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

सुया दोन्ही टोकांना टोकदार हव्यात, पाच सुयांचा संच, २.५ मिलिमीटर जाडीचा. घरात आजीच्या जुन्या सुया असतील तर त्यांच्यावर नंबर असेल, आणि तिथे हमखास गफलत होते: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे २.७५, आणि १३ नंबर म्हणजे २.२५. हात सैल असेल तर १३ नंबर घ्या, घट्ट असेल तर १२. याशिवाय क्रोशाची एक बारीक सुई, बोथट टोकाची शिवणाची सुई, मोजपट्टी, पेन्सिल आणि चौकडीचा कागद एवढं जवळ असू द्या.

माप

पंज्याचा घेर मोजा, म्हणजे बोटांच्या मागे पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथला. समजा तो २२ सेंटिमीटर आला. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवा, नाहीतर बुटात चुण्या पडतात. म्हणून मोजा २० सेंटिमीटरचा. माझ्या हाताला या लोकरीवर १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके आणि ४४ फेऱ्या येतात. म्हणजे २० सेंटिमीटरला ६४ टाके. ६४ हा आकडा नक्षीच्या दृष्टीनं सोन्यासारखा: त्याला दोननं, चारनं, आठनं, सोळानं भाग जातो.

तुमच्या हाताला किती येतात ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि नमुना गोलातच विणा. सपाट नमुना एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा होतो आणि बऱ्याच जणींची उलट ओळ जरा सैल पडते. गोलात विणलेल्या मोज्यात सगळ्या फेऱ्या सुलट बाजूनं होतात, त्यामुळे माप बदलतं. वेगळा नमुना नको असेल तर मोजाच सुरू करा, बॉर्डरनंतर ४-५ सेंटिमीटर साधं सुलट विणून मोजा आणि माप जमलं नाही तर बिनदिक्कत उसवा.

नक्षी कागदावर

आता चौकडीचा कागद घ्या. आठ घरं आडवी, आठ घरं उभी. हा आपल्या शंकरपाळ्याचा एक घास. रिकामं घर म्हणजे सुलट टाका, ठिपका दिलेलं घर म्हणजे उलट. प्रत्येक फेरीत हे आठ टाके पुन्हा पुन्हा करायचे:

१ली: १ उलट, ७ सुलट
२री: १ सुलट, १ उलट, ५ सुलट, १ उलट
३री: २ सुलट, १ उलट, ३ सुलट, १ उलट, १ सुलट
४थी: ३ सुलट, १ उलट, १ सुलट, १ उलट, २ सुलट
५वी: ४ सुलट, १ उलट, ३ सुलट
६वी: ४थीसारखी
७वी: ३रीसारखी
८वी: २रीसारखी

कागदावर ठिपके भरलेत की चौकटी एकमेकींत गुंफलेल्या दिसतील. कागदावर शंकरपाळं अगदी बरोबर चौकोनी दिसतं. मोज्यावर मात्र ते तसं येत नाही, आणि इथेच बहुतेक नवशिक्यांचा हिरमोड होतो.

हिशोब करून बघू. ३२ टाके १० सेंटिमीटरला, म्हणजे आठ टाके अडीच सेंटिमीटर रुंद. ४४ फेऱ्या १० सेंटिमीटरला, म्हणजे आठ फेऱ्या जेमतेम १.८ सेंटिमीटर उंच. टाका हा मुळात उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. म्हणजे शंकरपाळं आधीच आडवं पसरलेलं, वर पायात गेल्यावर मोजा आणखी दहा टक्के रुंदीला ताणला जाणार. पायावर राहील ती चपटी फरसाणासारखी काहीतरी चकती.

उपाय सोपा आहे: प्रत्येक फेरी दोनदा विणा. १ली, पुन्हा १ली, २री, पुन्हा २री, असं. शंकरपाळं १६ फेऱ्यांचं होईल, उंची ३.६ सेंटिमीटर. हातात धरलं तर ते जरा जास्तच उभट, लांबुडकं वाटेल. वाटू द्या. मोजा पायात चढवला की तेच शंकरपाळं भरतं आणि सुबक दिसतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुढच्या प्रत्येक नक्षीला तुम्ही आपोआप थोडी उंची जास्त द्याल.

आणखी एक गंमत करता येते. शंकरपाळ्याच्या बरोबर मध्यभागी एक दाणा हवा असेल तर १ली आणि ५वी, दोन्ही फेऱ्या '१ उलट, ३ सुलट, १ उलट, ३ सुलट' अशा विणा. मला तो दाणा फार आवडतो. दिवाळीच्या फराळाला शंकरपाळ्यावर चारोळी ठेवावी तसा दिसतो.

विणायला घेऊ

६४ टाके घाला, सैल घाला. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. मोज्याचं तोंड घट्ट झालं तर पुढची सगळी मेहनत टाचेपाशी अडकते. प्रत्येक सुईवर १६ याप्रमाणे चार सुयांवर टाके वाटा, पाचवी विणायला. गोल जोडण्याआधी टाक्यांच्या कडेला कुठे पीळ पडला नाही ना ते नीट बघा. सगळ्या गाठी आतल्या बाजूला, सुईखाली, एका रेषेत हव्यात. पीळ राहिला तर तो पुढे कधीच निघत नाही.

बॉर्डर २ सुलट, २ उलट, साधारण ४ सेंटिमीटर. मग नक्षी सुरू. ६४ टाक्यांत आठ शंकरपाळी बरोबर बसतात, प्रत्येक सुईवर दोन. फेरीची सुरुवात पोटरीच्या मागे, बरोबर मधोमध येते, हे लक्षात ठेवा. टाचेच्या वेळी उपयोगी पडेल.

सुरुवातीला एका सुईवरून दुसरीवर जाताना मध्ये उभी शिडी दिसू लागते. नक्षीत ती फार खुपते. नव्या सुईवरचा पहिला टाका विणल्यावर नाही, तर दुसरा टाका विणताना धागा जरा खेचून घ्या. आपल्या १ल्या फेरीत प्रत्येक सुईचा पहिलाच टाका उलट आहे, तेव्हा तिथे जरा जास्त जपा.

फेऱ्या मोजायला कागदावर प्रत्येक फेरी झाली की पेन्सिलीनं एक रेघ मारा. मनात ठेवते म्हणू नका. फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, आणि फेरी पहिल्यांदाची का दुसऱ्यांदाची ते आठवत नाही. चुकून विसरलात तर विणीकडे बघायला शिका: दाणा एकावर एक दोनदा आला असेल तर ती फेरी पूर्ण झाली.

चार शंकरपाळी उभी झाली, म्हणजे ६४ फेऱ्या, की साडेचौदा सेंटिमीटर होतात. बॉर्डर धरून पोटरीच्या खालच्या भागापर्यंत येणारा छान मोजा होतो. आखूड हवा असेल तर दोनच शंकरपाळी करा, पण शंकरपाळं अर्धवट सोडून टाचेला लागू नका.

चुकलेला टाका

हे जरा सावकाश सांगते, कारण हे जमलं की विणकामाची भीती जाते. समजा तीन फेऱ्यांनंतर दिसलं की एका जागी सुलटऐवजी उलट पडलाय. शंकरपाळ्याच्या गुळगुळीत पोटात नको तिथे एक दाणा उठलाय. तीन फेऱ्या उसवू नका. विणत विणत त्या दाण्याच्या बरोबर वरच्या टाक्यापर्यंत या. तो एकच टाका सुईवरून सोडा आणि हलक्या हातानं खाली सरकवा. एक फेरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक फेरीला एक आडवा धागा मोकळा होतो, आणि समोर छोटी शिडी तयार होते. शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. चुकीचा टाका सुटला की खाली एक मोकळा फास राहतो. त्यात क्रोशाची सुई समोरून घाला. फास सुईवर, आडवा धागा फासाच्या मागे. तो धागा सुईच्या आकड्यात पकडून फासातून पुढे ओढा. झाला सुलट टाका. शिडीची पुढची पायरी, तसंच. जिथे नक्षीत उलट टाका हवा असेल तिथे आडवा धागा फासाच्या पुढे आणा, क्रोशाची सुई मागून घाला आणि धागा मागे ओढा. वर पोचलात की टाका सुईवर परत चढवा. आजूबाजूचे टाके जरा ओढाताण झाल्यासारखे दिसतील. पहिल्या धुण्यात ते सारखे होतात.

पहिल्यांदा टाका मुद्दाम सोडताना छातीत धस्स होतं. नमुन्याच्या तुकड्यावर एकदा करून बघा.

टाच

टाचेवर आणि तळव्यावर नक्षी घालायची नाही. उलट टाक्यांचे दाणे बुटात टोचतात आणि घासून सगळ्यात आधी तेच झिजतात. नक्षी फक्त पावलाच्या वरच्या बाजूला चालू ठेवायची. आता एक बारकावा: वरच्या बाजूला ३२ टाके ठेवलेत तर नक्षी एका कडेला उलट टाक्यानं सुरू होते आणि दुसऱ्या कडेला अर्धीच तुटते. ३३ ठेवलेत तर दोन्ही कडा सारख्या. म्हणून चौथ्या सुईवरचा पहिला टाका तिसऱ्या सुईवर घ्या. दुसरी आणि तिसरी मिळून ३३ टाके पावलाच्या वरचे, पहिली आणि चौथी मिळून ३१ टाचेचे.

पहिल्या सुईवरचे १६ टाके सुलट विणा, वळा, आणि ३१ टाके उलट विणा, पहिला टाका न विणता घेऊन. आता या ३१ टाक्यांवर सपाट विणायचं. सुलट बाजूला एक टाका न विणता घ्या, एक सुलट, असं शेवटपर्यंत, अखेरचा टाका सुलट. उलट बाजूला पहिला न विणता, बाकी सगळे उलट. अशा ३० ओळी झाल्या की टाचेची जाडसर, टिकाऊ पट्टी होते आणि दोन्ही कडांना पंधरा-पंधरा साखळ्या दिसतात.

टाच वळवणं: १ टाका न विणता, १७ सुलट, दोन टाके एकत्र, १ सुलट, वळा. १ न विणता, ६ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट, वळा. यापुढे प्रत्येक ओळीत मधली फट दिसेल. फटीच्या आधीचा टाका आणि नंतरचा टाका एकत्र विणायचा, पुढचा एक विणून वळायचं. सगळे टाके संपेपर्यंत चालू ठेवा. एकूण बारा ओळी होतात आणि १९ टाके उरतात.

ते १९ सुलट विणा, पट्टीच्या कडेच्या साखळीतून १५ टाके उचला, वरच्या ३३ टाक्यांवर नक्षीची १ली फेरी विणा, दुसऱ्या कडेतून १५ उचला. आता तळव्याकडे ४९ टाके आहेत, ते ३१ करायचेत. एक फेरी सोडून एक, नक्षीच्या दोन्ही बाजूंना तळव्याचा एक-एक टाका कमी करा, नऊ वेळा. पुन्हा एकूण ६४.

पायाच्या लांबीला ५ सेंटिमीटर कमी राहीपर्यंत विणत जा. इथे मात्र शंकरपाळं पूर्ण होण्यासाठी दोन-चार फेऱ्या पुढेमागे झाल्या तर चालतील. मग वरचा एक टाका तळव्याकडे घ्या म्हणजे ३२-३२ होतील, आणि बोटांकडचा भाग साधा सुलट विणा: एक फेरी सोडून एक, दोन्ही बाजूंना मिळून चार टाके कमी, ३२ टाके उरेपर्यंत, नंतर प्रत्येक फेरीत चार, १६ उरेपर्यंत. वरचे आठ आणि खालचे आठ टाके शिवणाच्या सुईनं समोरासमोर सांधून टाका. गाठ मारून शिवण उभी करू नका, बुटात बोटांना लागते.

वेणी घ्यायची झाली तर

बाबांच्या मोज्यांची चूक तुम्ही करू नका. वेणी म्हणजे टाके एकमेकांवरून पलीकडे नेणं. त्यामुळे वीण आत ओढली जाते आणि तिथे ताण राहत नाही. मोजा घालताना टाच आणि पावलाचा वरचा उंचवटा यांभोवतीचा तिरका घेर ओलांडावा लागतो, आणि तो पंज्याच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून सगळीकडे वेण्या घातल्या तर मोजा तिथे अडतो. एकच वेणी, घोट्याच्या बाहेरच्या बाजूनं खाली उतरणारी, पुरेशी आणि सुंदर दिसते. युरोपात शेकडो वर्षं मोज्यांना घोट्यावर अशी उभी नक्षी काढत आले आहेत; इंग्रजीत तिला 'क्लॉक' म्हणतात.

आपल्या आठ टाक्यांच्या घासात ती सहज बसते: २ उलट, ४ सुलट, २ उलट. दर सहाव्या फेरीला चार सुलट टाक्यांपैकी पहिले दोन एका जादा सुईवर घ्या, पुढचे दोन विणा, मग जादा सुईवरचे दोन. जादा सुई पुढे धरलीत तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरलीत तर उजवीकडे. एका मोज्यात पुढे धरा, दुसऱ्यात मागे, म्हणजे दोन्ही पायांवर वेण्या आरशात बघितल्यासारख्या समोरासमोर येतात. बॉर्डरच्या शेवटच्या फेरीत वेणीच्या जागी एक टाका वाढवा, आणि टाचेआधी तो कमी करा. इतकं केलं तरी वेणीमुळे होणारी ओढ भरून निघते.

जाळी आणि रंग, थोडक्यात

जाळीत दोन टाके एकत्र विणायचे आणि त्यांच्या शेजारी सुईवर धागा पुढून घेऊन नवा टाका करायचा; भोक पडतं पण टाक्यांची संख्या तीच राहते. पायावर जाळी उघडते, म्हणजे ताणल्यानं तिचं नुकसान न होता ती खुलतेच. घरात घालायच्या मोज्यांना उत्तम. एकच सांगणं: पान, फूल, मोर असं वर-खाली असलेलं चित्र असेल तर लक्षात ठेवा की आपण मोजा वरून खाली विणतोय. चित्राची खालची ओळ आधी विणलीत तर पायावर पान उलटं लटकेल. चित्र वरच्या ओळीपासून वाचा. शंकरपाळ्याला ही अडचण नाही, वरून खालून सारखंच.

रंगीत नक्षीत न लागणारा रंग मागून आडवा नेतात. तो आडवा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब ठेवू नका, पायाची बोटं त्यात अडकतात. आणि असा मोजा कमी ताणला जातो, म्हणून त्या भागाला एक माप जाड सुई घ्या. रंगीत मोज्यांचं आपल्या देशातलं अस्सल काम बघायचं असेल तर हिमाचलच्या लाहौलचे मोजे बघा. लाहौलमधल्या केलाँगला १८५६ मध्ये मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचं ठाणं झालं, आणि १८५९ मध्ये तिथे आलेल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं. त्या बायकांनी ते आपलंसं करून त्यात आपल्या नक्ष्या आणि आपले रंग आणले. २०२१ मध्ये लाहौलच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

धुणं आणि वाळवणं

सुईवरून उतरलेला मोजा चुरगळलेला, दाणे वेडेवाकडे असलेला दिसतो. तेवढ्यावरून निराश होऊ नका. कोमट पाण्यात थोडा सौम्य लिक्विड साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा, पिळू नका, जाड टॉवेलात गुंडाळून त्यावर दाबा. पुठ्ठ्याचा पायाच्या आकाराचा तुकडा कापा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि मोजा त्यावर घालून सावलीत वाळवा. वाळल्यावर काढाल तेव्हा शंकरपाळ्यांच्या रेषा सरळ झालेल्या असतील. ॲक्रिलिकच्या मोज्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेनं धाग्याचा जीव जातो आणि नक्षी कायमची सपाट होते.

पहिला मोजा पायात घालून उजेडात उभ्या राहा आणि एखाद्या शंकरपाळ्याची रुंदी-उंची पट्टीनं मोजा. फार उभट वाटलं तर पुढच्या जोडाला शंकरपाळ्याच्या मधल्या दोन-तीन फेऱ्या एकेकदाच विणा. आडवं वाटलं तर त्याच फेऱ्या तीन-तीनदा विणा. या जोडात मात्र काही बदलू नका, नाहीतर दोन मोजे दोन तऱ्हेचे होतील. फेऱ्यांच्या रेघांचा तो कागद टाकू नका, त्यावर सुईचं माप, बॉर्डरच्या फेऱ्या आणि बोटांचा भाग कुठे सुरू केला ते लिहा, गुंड्याच्या पिशवीत ठेवा, आणि दुसऱ्या मोज्याचे ६४ टाके त्याच संध्याकाळी घालून ठेवा.